ईलिंगच्या निवडुंगाची सोयरीक

आमच्या सोलापूरकडे निवडुंग बांधावर असतो. त्यात शेळी अडकली की शिव्या द्यायच्या आणि पतंग अडकला की रडायचं, एवढाच त्याचा आमच्याशी संबंध. घरात काटेरी झाड ठेवलं तर घरात भांडणं होतात असं माझी आई म्हणायची. मी भूगोलाचा शिक्षक आहे, पण ते खरं की खोटं हे तपासून पाहायची हिंमत मी आजवर केली नाही.

म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात इंग्लंडला जाऊन आल्यावर लोक विचारतात, "काय काय पाहिलंत सर?" आणि मी म्हणतो, "एक निवडुंग," तेव्हा ते हसतात. लंडनचा राजवाडा मी पाहिला नाही, थेम्स नदी विमानातून पाहिली. जे पाहिलं ते लिहून ठेवतो आहे. माझ्या हातून जे झालं तेही लिहिणार आहे, कारण ते गाळलं तर उरलेल्यावर माझाच विश्वास बसायचा नाही.

जायचं कारण मामा. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात त्याने भूल देणारा डॉक्टर म्हणून आयुष्य काढलं. आता तो ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगा ऑस्ट्रेलियात. घर विकून दोघं नवराबायको एका छोट्या फ्लॅटमध्ये जाणार होती. मामींचा फोन आला, "शाळेला सुट्टी आहे ना? मग ये. मूव्ह व्हायचंय आणि तुझा मामा ग्रीनहाउसमधून बाहेर येत नाही. माझं ऐकत नाही, भाच्याचं ऐकेल."

निघायच्या आदल्या दिवशी मामाचाही फोन आला.

"सुध्या, हीथ्रोवरून थेट इकडे येऊ नकोस. आधी ईलिंगला जा. तिथून एक डबा आणायचाय."

"औषध आहे का?"

"नवरदेव आहे," मामा म्हणाला.

मग त्याने जे सांगितलं ते असं. त्याच्याकडे मेक्सिकोतल्या एका दरीतला निवडुंग आहे. तिथल्या डोंगराचा एक भाग खाणीत गेला आणि राहिलेली झाडं चोरांनी पोती भरून नेली. थोडी कड्यावर उरली आहेत, जिथे माणसाचा हात पोचत नाही. मामाच्या ग्रीनहाउसमध्ये त्याच्या बऱ्याच कुंड्या आहेत, पण सगळी पिल्लं एकाच झाडाची. या जातीला स्वतःच्या परागांनी बी धरत नाही, आणि पिल्लं म्हणजे तेच झाड. त्यामुळे दर वर्षी फुलं येतात, सुकतात, आणि पुढे काही होत नाही. गेल्या हिवाळ्यात निवडुंग पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला, 'माझ्या आईच्या खिडकीतलं हे झाड कोणतं?' मामाने ओळखलं. तीच जात, पण वेगळ्या बियाण्यातून आलेली. त्याने फोन लावला. इंग्रजीत सुरुवात झाली, पलीकडून 'पेणकर' असं आडनाव ऐकू आलं आणि मामाने विचारलं, "मराठी का?"

झाडाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. मामाने बजावलं आहे. नाव छापलं की कुणीतरी शोधतं, आणि शोधणारा प्रत्येक जण बघायलाच जातो असं नाही.

ईलिंग

दार उघडणारी बाई सडपातळ होती, केस आखूड, अंगात निळं कार्डिगन. वय ऐंशीच्या पुढचं. माझी बॅग पाहून आधी इंग्रजीत "येस, लव्ह?" म्हणाली, मग एकदम, "अगोबाई, डॉक्टरांचा भाचा! ये, आत ये. चपला असू दे, इथे थंडी लागेल पायाला."

या रूबी पेणकर. मुंबईत भायखळ्याला वाढलेल्या, मूळच्या पेणच्या बाजूच्या, ज्यू. मी त्यांना लगेच मावशी म्हणू लागलो. घरात शिरताना चौकटीवरच्या छोट्या नळीला त्यांनी बोट लावून ओठांना लावलं, आपण उंबऱ्याला हात लावतो तसंच.

जेवायला वालाचं बिरडं होतं आणि नारळाच्या दुधातला मासा. "खवलं असलेलाच मासा चालतो हो आम्हाला," त्या म्हणाल्या, "पण कोळंबी पाहिली की अजून जीभ वळवळते." मी इतके दिवस समजत होतो की परदेशात गेलेल्या माणसाचं मराठी बिघडतं. त्यांचं मराठी स्वच्छ होतं. पडसं, तसबीर, दिवाणखाना. माझ्याच तोंडी फ्रिज, टेन्शन, अ‍ॅक्च्युअली. शेवटी मी विचारलंच, की हे इतकं जपलं कसं?

"मुलीशी इंग्रजी, नातवंडांशी इंग्रजी. आमच्या प्रार्थनेलाही आता सगळे इंग्रजीच बोलतात. सायमन होता तोवर रात्री जेवताना मराठी. तो गेला, मग ह्याच्याशी." त्यांनी खिडकीकडे बोट केलं.

खिडकीत ती कुंडी होती. इतकं वर्णन ऐकल्यावर मला मोठं काही अपेक्षित होतं. झाड पेरूएवढं होतं. अंगभर पांढरे काटे, पण उभे नाहीत, अंगालगत आडवे बसलेले, जणू कुणी फणीने विंचरले असावेत. डोक्याभोवती फिक्या गुलाबी फुलांचं एक कडं, त्यातली बरीच कोमेजलेली. सायमनरावांनी, म्हणजे मावशींच्या यजमानांनी, ते बियांपासून वाढवलं होतं. पुडीतून जी रोपं आली त्यांतलं हे एक जगलं, आणि त्याला पेरूएवढं व्हायला चाळीस वर्षं लागली.

मावशींनी नखं कापायच्या कात्रीने उमललेली सगळी फुलं कापली. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टिश्यू पेपर घालून त्यात ठेवली. कापताना त्यांचा हात थांबत थांबत चालत होता.

"जपून ने हो बाबा," त्या म्हणाल्या. "डबा उलटा करू नको, उन्हात धरू नको. डॉक्टर म्हणतात बी धरलं तर ह्या देशात पहिल्यांदाच धरेल. माझ्या खिडकीतल्या झाडाला एवढा मान, सायमनला सांगायला हवं होतं."

बेसिंगस्टोक

रेडिंगला गाडी बदलली ती बेसिंगस्टोकला येऊन थांबली. पुढे सिग्नल बिघडला होता. आम्हा सगळ्यांना उतरवलं. ऑफिसातून सुटलेल्या तरुणांनी स्टेशन भरलं होतं, गळ्यात ओळखपत्रं, पाठीवर लॅपटॉप. तेलुगू ऐकू येत होतं, गुजराती, मधूनच पुणेरी मराठीत कुणीतरी मॅनेजरचा उद्धार करत होता.

मला आयुष्यभर माफी मागायची सवय आहे. वर्गात खडू मोडला तरी मी "सॉरी" म्हणतो आणि मुलं हसतात. इथे मला जोड मिळाली. लाउडस्पीकर दर थोड्या वेळाने मनापासून माफी मागत होता. मी एका गृहस्थाच्या पायावर पाय दिला तर तोच सॉरी म्हणाला. मीही म्हणालो. तो पुन्हा म्हणाला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली आणि ते प्रकरण कसंबसं मिटवलं.

त्या दिवशी ऊन चांगलंच होतं. मी डबा मांडीवर घेऊन बाकावर बसलो होतो. काळजी वाटली म्हणून झाकण उघडून पाहिलं, तर फुलं मिटलेली, मलूल. इतक्या दुरून, इतक्या भरवशाने दिलेली फुलं माझ्या हातात मरत होती.

आई मोहोळच्या मावशीकडून मोगरा आणायची तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची. एस.टी.त दोनदा पाणी शिंपडायची. घरी पोचेपर्यंत कळ्या ताठ. मी पाण्याची बाटली विकत घेतली, रुमाल भिजवला, पिळला, फुलं त्यात अलगद ठेवून घडी घातली, वरून चार थेंब शिंपडले आणि झाकण लावलं. जिवाला बरं वाटलं. गाडी सुटल्यावर साउथहॅम्प्टनपर्यंत मी खिडकीबाहेर हिरवी शेतं आणि मेंढ्या बघत गेलो, आणि मला खरंच वाटत होतं की मामाला माझं कौतुक वाटेल.

साउथहॅम्प्टन

मामी गाडी घेऊन आल्या होत्या. वाटेत बंदराकडे बोट करून म्हणाल्या, "ते बघ, क्रूझ शिप." मला ती इमारत वाटली होती. हवेला खारट वास होता.

मामा वॉकर धरून ग्रीनहाउसच्या दारातच उभा होता. "आणलास?"

"अगदी ताजी आणलीयत," मी म्हणालो आणि डबा उघडला.

मामाने रुमाल पाहिला. मग एका बोटाने रुमालाला स्पर्श केला. त्याचा चेहरा रागावला असता तर बरं झालं असतं. तो डॉक्टरसारखा झाला. "कधी ओलं केलंस?"

"बेसिंगस्टोकला. फुलं सुकत होती, म्हणून..."

त्याने चिमट्याने एक फूल उचललं, भिंगातून पाहिलं, दुसरं उचललं. सगळी फुलं पाहिली. मग चिमटा खाली ठेवला. "परागकणांना पाणी लागलं की ते फुगतात आणि फुटतात. फूल सुकलं असतं तरी चाललं असतं रे. मला फूल नको होतं, त्यातली पूड हवी होती."

मामी मागून म्हणाल्या, "अहो, तुम्ही त्याला सांगितलं होतंत का, ओलं करू नकोस म्हणून?"

"हे काय सांगायचं असतं?"

"मग! आपल्याकडे फुलं कोरडी नेतं का कुणी? देवळात जाताना..."

"हे देवळात न्यायचं नव्हतं."

"तुमचं देऊळच आहे ते," मामी म्हणाल्या. "चपला बाहेर काढायला लावता मला."

मी हसू शकलो नाही. समोर मामाची झाडं होती, ओळीने, एका आईची पिल्लं. काहींना फुलं आली होती, काहींना अजून कळ्या होत्या. आठ-दहा दिवसांचा हंगाम. पुढच्या महिन्यात ग्रीनहाउस उतरवायचं होतं आणि झाडं वेगवेगळ्या घरी जायची होती. मामाने या एका गोष्टीची वाट पाहिली होती, आणि मी ती चार थेंब पाण्यात बुडवली होती. मामींनी माझ्यासाठी केलेली पुरणपोळी मला गिळवेना, आणि ती गिळवत नाही याचंही वाईट वाटत राहिलं.

चर्चचा हॉल

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. निवडुंग पाळणाऱ्या मंडळींची महिन्याची बैठक एका चर्चच्या हॉलमध्ये असते. मामा म्हणाला, तिघांनी जायचं. मला वाटलं, मला शिक्षा म्हणून नेतोय. तसं नव्हतं, तो ती बैठक कधीच चुकवत नाही.

लांब टेबलांवर कागदी बशा आणि प्रत्येक बशीत एक कुंडी. बटणाएवढे निवडुंग, फुटबॉलएवढे निवडुंग, लोकर पांघरल्यासारखे, दगडासारखे. माणसं बहुतेक साठीच्या पुढची, स्वेटर घातलेली, वाकून वाकून बघत होती. कुणी हात लावत नव्हतं. कोपऱ्यात चहा, लिंबाचा केक, आणि दुधाच्या बाटलीला चिकटवलेली चिठ्ठी की कृपया संपवू नये. आमच्याकडे समारंभात पाहुण्यांचा सत्कार होतो, हार, शाल, श्रीफळ, आणि मूळ विषयाला वेळ उरत नाही. इथे स्वागत एका वाक्यात उरकलं आणि दिवे मालवले.

मार्गारेट नावाच्या उंच बाई पडद्यावर फोटो दाखवत होत्या. त्या वेगवेगळ्या वर्षी त्याच एका मेक्सिकन उतारावर जाऊन त्याच जागी उभ्या राहिल्या होत्या. पहिल्या फोटोत एक खडक, भोवती निवडुंग. दुसऱ्यात तोच खडक, तेच निवडुंग, थोडे मोठे. तिसऱ्यातही तेच.

"छान टिकलेत," मी मामाच्या कानात म्हणालो.

"नीट बघ. लहान कुठे आहेत?"

लहान नव्हतेच. मार्गारेटबाईही तेच सांगत होत्या. हा निवडुंग खूप जगतो, त्यामुळे डोंगर भरलेला दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण कोवळ्या रोपाला पहिली काही वर्षं झुडपाची सावली लागते. शेळ्यांनी झुडपं खाल्ली, ऊन थेट पडलं, आणि बी रुजायचं थांबलं. म्हातारे उभे आहेत. ते गेले की एकदमच सगळं जाईल.

मामी कुजबुजल्या, "आमच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती बघ. अगदी हाच फोटो."

मामा एवढ्या मोठ्याने हसला की पुढच्या रांगेने मागे वळून पाहिलं.

चहाच्या वेळी एकाने मामाला विचारलं की ईलिंगचे पराग आले का. सगळ्यांना ठाऊक होतं, सगळे वाट बघत होते. मामा सहज म्हणाला, "आले, पण प्रवास झेपला नाही त्यांना." माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

मी गप्प राहिलो असतो तर ते तिथेच संपलं असतं. पण माझ्याच्याने राहवलं नाही. माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत मी म्हणालो की प्रवासाचा दोष नाही, माझा आहे, मी फुलांवर पाणी शिंपडलं. मला वाटलं आता कुणीतरी चहाचा कप खाली ठेवेल आणि बाहेर जाईल.

मार्गारेटबाई म्हणाल्या, "मी एका जानेवारीत हीटरचं तेल भरायला विसरले. सकाळी सगळं ग्रीनहाउस काळं पडलं होतं. वीस वर्षांचं काम."

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मी सुट्टीवर जाताना शेजाऱ्याला सांगितलं, झाडांवर लक्ष ठेव. त्याने रोज पाणी घातलं. आल्यावर सूप होतं."

"माझ्या मांजराने..." तिसऱ्या बाईंनी सुरुवात केली.

मग ते थांबेनाच. एकेक जण आपण कुठलं झाड कसं मारलं ते सांगू लागला, झाडाच्या पूर्ण लॅटिन नावासकट. दुःख जुनं होतं पण खोटं नव्हतं. एक आजोबा त्यांचा एक निवडुंग कुजला त्याबद्दल बोलताना चष्मा पुसायला लागले. शेवटी मामा, ज्याने हे मला कधीच सांगितलं नव्हतं, म्हणाला, "आमच्याकडे ह्याच जातीचं दुसरं झाड होतं. वेगळ्या बियाण्यातलं. मी हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर असताना. कुंडी बदलली आणि लगेच पाणी दिलं. मुळं कुजली."

मामी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

त्या हॉलमधल्या माणसांबद्दल मला जो आदर वाटला तो शब्दांत नीट उतरत नाही. दुसऱ्या खंडातल्या डोंगरावरची झाडं ही माणसं आपल्या ढगाळ गावात, काचेखाली, स्वतःच्या विजेच्या बिलावर जगवतात. जी मरतात त्यांचं आपल्या तोंडाने सांगतात, म्हणजे पुढच्याची वाचावीत. माझी चूक त्यांनी माफ केली असं मी म्हणणार नाही. त्यांनी ती कामाचा भाग म्हणून घेतली. कारण लगेच मार्गारेटबाईंनी विचारलं, "ईलिंगच्या झाडाला एखादी कळी उरली असेल का?"

मामाने तिथूनच रूबीमावशींना फोन लावला. त्या खिडकीपाशी जाऊन आल्या. "एक आहे," त्या म्हणाल्या. "कडेला. अजून मिटलेली आहे."

पुन्हा ईलिंग

या खेपेस मामाने कोरडी कागदी पुडी, चिमटा आणि सूचना दिल्या, आणि माझ्याकडून त्या दोनदा म्हणवून घेतल्या.

मावशींना मी दारातच सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की खोकला लागला. "अरे माझ्या आईनेही ओलं फडकंच घातलं असतं! मलाच सांगायला हवं होतं. इतकी वर्षं इथे राहून विसरले बघ, आपल्याकडे फुलं कशी नेतात ते."

पण कळी उमलायला ऊन लागतं, आणि लंडनवर राखाडी ढग येऊन बसले होते. पहिला दिवस गेला. आम्ही खिडकीशी खुर्च्या टाकून बसलो. मावशी मला पेणच्या घराबद्दल, तेलाच्या घाण्याबद्दल, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे त्याबद्दल सांगत होत्या. बोलता बोलता मधूनच झाडाकडे वळून "हो ना रे?" म्हणायच्या. त्यांना त्याची जाणीवही नव्हती. दुसरा दिवसही तसाच. मला पाहुण्यांच्या खोलीत फुलाफुलांची गादी मिळाली होती, आणि सकाळी अंड्याबरोबर त्या मला त्यांनी स्वतः घातलेलं लिंबाचं लोणचं वाढायच्या.

संध्याकाळी मामाचा फोन आला. त्याच्याकडच्या शेवटच्या कळ्या फुलत होत्या. साउथहॅम्प्टनला ऊन होतं. लंडनला आठवडाभर पाऊस सांगितला होता.

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. मावशी ऐकत होत्या. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि बुटांचा रिकामा खोका आणि वर्तमानपत्रं घेऊन आल्या.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"कळी? पण अजून..."

"झाड."

मी नको म्हणालो. खरंच म्हणालो. एक चूक आधीच केली होती, हे झाड वाटेत पडलं, मोडलं, तर मी काय करणार होतो? आणि त्या कुणाशी बोलणार होत्या?

"तू फार घाबरतोस रे," मावशी म्हणाल्या. "चाळीस वर्षं खिडकीत बसून राहिलं. सायमन म्हणायचा, बघ कसं टिकलंय. मीही तेच म्हणते. पण परवा तुझ्या मामाने त्या बाईंच्या फोटोंचं सांगितलं आणि मला रात्रभर झोप नाही. टिकलं म्हणजे काय झालं? त्याच्यामागे कोण आहे?"

त्यांनी कुंडी कागदात गुंडाळली, खोक्यात चारी बाजूंनी कागदाचे बोळे कोंबले. मग मला म्हणाल्या, "जरा बाहेरच्या खोलीत जा." मी गेलो. आतून त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, आणि मी ते कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे कोरडे होते. खोक्याला लोकरीने गाठ मारलेली होती.

"पोचलास की फोन कर. आणि ट्रेनमध्ये कुणी बसायला जागा मागितली तर खोका उचलू नकोस. म्हण, तिकीट आहे त्याचं."

ग्रीनहाउस

मामाने झाडं एका फळीवर शेजारी ठेवली. तेच काटे, तसेच विंचरलेले. ईलिंगचं जरा कलतं, सवयीने खिडकीच्या बाजूला झुकलेलं. बाराच्या सुमारास ऊन काचेतून सरळ आलं आणि कडेची ती कळी हळूहळू सुटायला लागली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत उभे होतो. पाकळ्या उलगडल्या तेव्हा आत पिवळी पूड होती. कोरडी.

मामाने रंगकामाचा बारीक ब्रश घेतला. फुलाजवळ नेला आणि त्याचा हात थरथरायला लागला. आधी मला वाटलं भावना आहे. तो म्हणाला, "ऑपरेशननंतर असं होतं." त्याने पुन्हा प्रयत्न केला. ब्रश पाकळीला लागला, पूड थोडी खाली सांडली.

त्याने ब्रश माझ्याकडे केला. मी दोन पावलं मागे सरकलो. माझ्या हातावर माझा अजिबात विश्वास नव्हता.

"सरका दोघेही," मामी म्हणाल्या. त्यांनी चष्मा वर सरकवला, ब्रश घेतला, मनगट फळीवर टेकवलं, आणि रांगोळीचा ठिपका द्यावा तसं इथून उचलून तिथे टेकवलं. मग दुसऱ्या फुलावर. मग तिसऱ्या. मग उलट, मामाच्या झाडाची पूड ईलिंगच्या फुलात. तीसेक वर्षं त्या या झाडांना "तुमच्या मेक्सिकन बाया" म्हणत आल्या होत्या.

ईलिंगला लावलेला फोन शेजारी चालू होता. मावशींचा आवाज आला. "लागलं का लग्न?"

"लागलं!" मामी म्हणाल्या.

"मग मंगलाष्टकं कोण म्हणतंय? फुकट वऱ्हाड जमलंय का?"

मामाने घसा साफ केला. त्याला सूर नाही. पण "शुभमंगल सावधान" त्याने पूर्ण म्हटलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ग्रीनहाउस रिकामं केलं. हॉलमधली माणसं आपापल्या गाड्या घेऊन आली. कुठलीही जात एकाच घरी जाणार नाही असं मामाने ठरवलं होतं. एकाचा हीटर बंद पडला तर दुसऱ्याकडे असावी. प्रत्येकाने झाडासोबत एक वाक्यही नेलं, पाणी कधी बंद करायचं ते. ईलिंगचं आणि त्याच्या शेजारी ठेवलेलं मामाचं एक, अशी ही दोन झाडं मात्र मामींच्या नव्या फ्लॅटच्या दक्षिणेच्या खिडकीत गेली. ईलिंगचं झाड परत पोचवायला मी तयार होतो, पण मावशी म्हणाल्या, "आता राहू दे तिथेच. एकटं नको." मीही रोप मागितलं नाही. ही झाडं सरहद्दीपलीकडे न्यायला परवाने लागतात आणि ते बरोबरच आहे.

या जातीचं फळ वर्षभर झाडाच्या अंगात लपून राहतं. धरलं की नाही हे बाहेरून कळत नाही. मी सोलापुरात परत आलो, शाळा सुरू झाली, आणि वर्षभर नकाशा शिकवताना मेक्सिको आला की माझी जीभ अडखळायची.

या मार्चमध्ये मामींनी व्हिडिओ कॉल केला. कॅमेरा आधी छताकडे, मग मामाच्या कानाकडे, मग झाडाकडे. काट्यांतून लाल टोकं वर आली होती, लवंगी मिरचीच्या टोकांसारखी. दोन्ही झाडांवर. मामा भिंग घेऊन खिडकीशी बसला होता. मामी म्हणाल्या, "सकाळपासून असाच बसलाय. चहाही घेतला नाही."

बिया खसखशीहून बारीक आणि काळ्या निघाल्या. काही हॉलमधल्या मंडळींकडे गेल्या, काही बियांचा साठा जपणाऱ्या संस्थेकडे. एक पुडी ईलिंगला. मावशींनी ती वाळूवर पेरली, वर प्लॅस्टिकची पिशवी लावली आणि कुंडी खिडकीतल्या त्याच जागी ठेवली. या रोपांना फूल यायला बरीच वर्षं लागतील. ते त्यांना ठाऊक आहे; मग का पेरलं, हे मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला.

"सुधीर, वर आलंय! मोहरीएवढं आहे, पण हिरवंगार. आणखी एक आहे शेजारी. भिंगातून बघितलं तर काटेसुद्धा आलेत, इवले इवले. कुणाला सांगू नको हं एवढ्यात. मुलीला कळलं तर नातवंडं येतील आणि बोटं लावतील."

मी काहीतरी बोलणार होतो.

"थांब, थांब," त्या म्हणाल्या, "ऊन सरकलं. कुंडी हलवते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांच्या सपाता, मग खिडकीच्या फळीवर कुंडी घासल्याचा आवाज. मग दुरून, हळू, मराठीत त्या कुणाशी तरी बोलायला लागल्या. मी फोन कानाला लावून बसून राहिलो.